जी कधी सुरातच नव्हती

गिटार मामांची आहे आणि मामांचं म्हणणं असं की ती भंगारात घालावी. खरं तर विषय इथंच मिटायला हवा होता. ज्याची वस्तू त्यालाच नको असेल तर भाच्यानं मध्ये पडायचं काय कारण, हे बायकोनं मला विचारून झालंय, आईनं विचारून झालंय, आणि दोघींना देण्यासारखं धड उत्तर माझ्याकडं नव्हतं. तरी गेले कित्येक महिने ती आमच्या पुढच्या खोलीत दिवाणावर आडवी पडून होती, पाहुणे आले की उचलून आत न्यायची, गेले की परत बाहेर.

आधी ती कसली गिटार आहे ते सांगतो, नाहीतर कुणाला वाटायचं फेंडर-बिंडर अशी नावाजलेली परदेशी गिटार हाताला लागलीय. तसलं काही नाही. सत्तरच्या दशकात कलकत्त्याकडं बनलेल्या गिटारी सगळीकडं यायच्या, परदेशी मॉडेल बघून केलेल्या, त्यातली ही एक इलेक्ट्रिक. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या शेंड्यावर, नाव होतं ते उडालंय, शेवटच्या अक्षराचं शेपूट तेवढं उरलंय. लाल-काळा सनबर्स्ट रंग, तारांचा आवाज पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप, चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली मान. चांगल्या गिटारीच्या मानेत ट्रस रॉड असतो, मान वाकली तर किल्ली फिरवून सरळ करता येते. हिच्यात नुसती लोखंडी पट्टी. म्हणजे मान वाकली की वाकलीच.

मामांचा ऑर्केस्ट्रा पण काही फार मोठा नव्हता. मामा जिल्हा परिषदेत क्लार्क, ड्रमवाले एसटीच्या वर्कशॉपमध्ये, ॲकॉर्डियनवाले गुजरीत एका पेढीवर, असे सगळे दिवसा नोकरी करून रात्री वाजवणारे. गणपती, नवरात्र, गावोगावच्या म्हाया-जत्रा, टेम्पोत सामान आणि सामानावर माणसं, गारगोटी म्हणू नका गडहिंग्लज म्हणू नका निपाणी म्हणू नका. पंचमची गाणी तेव्हा जोरात, आणि त्यात गिटारचे तुकडे असे की ते नाही वाजले तर पब्लिक खालून ओरडायचं. मी लहान होतो, स्टेजच्या कडेला बसून मामांचा डावा हात बघायचो, गाण्याकडं लक्षच नसायचं. मग पुढं कॅसिओचा कीबोर्ड आला आणि एकाच माणसात चार माणसं बसली. पहिला ॲकॉर्डियन गेला, मग गिटार. मामांनी कधी त्याबद्दल कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. प्रमोशन झालं, पोरींची लग्नं झाली, गिटार केसमध्ये आणि केस कपाटामागं.

तिथंच ती २०१९ ला बुडाली.

इथं कोल्हापुरात पावसाळ्यात ख्यालीखुशालीच्या आधी "किती फूट?" विचारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलं. मामांचं जुनं घर दुधाळीच्या उताराला, तिथं दरवर्षी थोडंफार पाणी येतंच, त्यामुळं पहिल्या दिवशी कुणी फार मनावर घेतलं नाही. मग रात्रीत जे वाढलं ते वाढलंच. सिलिंडर, कागदपत्रं, टीव्ही, देव्हारा, एवढं घेऊन सगळी आमच्याकडं मंगळवार पेठेत आली. गिटारचं नावही कुणाच्या तोंडात नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं.

पाणी उतरल्यावर गल्लीगल्लीत जे दिसत होतं ते आठवतंय, गाद्या, फोटोंचे अल्बम, लग्नातले शालू, पोरांची दप्तरं, सगळं रस्त्यावर उन्हाला. मामीनं पण केस उघडून गिटार गच्चीवर टाकली. "मी तर सगळंच उन्हात टाकलो, काय काय बघत बसू?" असं ती अजून म्हणते आणि बरोबरच आहे तिचं. घर गाळानं भरलेलं असताना गिटारला सावलीत हळूहळू वाळवायला कोण बसतंय. पण भिजलेलं लाकूड हळूहळूच वाळवावं लागतं. उन्हात टाकलं की वरचा थर भराभर वाळून आकसतो, आतलं अजून ओलं असतं, मग या ओढाताणीत सांधा सुटतो नाहीतर लाकूड चिरतं.

हे सगळं मी नंतर वाचलं. मे २०१० मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला कंबरलँड नदीचा असाच पूर आला होता आणि काठावर साउंडचेक म्हणून एक मोठी जागा आहे, तिथं मोठमोठे कलाकार वाद्यं ठेवायचे, ती सगळी पाण्यात गेली. विन्स गिल, कीथ अर्बन, ब्रॅड पेस्ली, सगळ्यांच्या गिटारी. वाचताना मला काय बरं वाटलं सांगू, जगातली भारीतली भारी गिटार आणि आमच्या मामांची कपाटामागची गिटार, दोघींना नदीनं सारखंच वागवलं.

गच्चीवरून ती युरियाच्या रिकाम्या पोत्यात गेली आणि पोतं माळ्यावर. २०२१ चा पूर तिला लागला नाही, माळ्यापर्यंत पाणी गेलं नाही. मग मामांनी घर दुरुस्तीला काढलं तेव्हा पोतं खाली आलं, आणि मी तिथं होतो म्हणून ते रद्दीवाल्याऐवजी माझ्या स्कूटरवर आलं.

अवस्था सांगतो. बॉडी तीन फळ्या चिकटवून केलेली, त्यातला एक सांधा एवढा उघडलेला की दहाचं नाणं उभं आत जातंय. फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची फळी जिच्यात धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेल्या असतात, तो नटाच्या, म्हणजे तारा टेकतात त्या वरच्या टोकाच्या, बाजूनं मानेपासून सुटून वर आलेला, जुन्या चपलेच्या तळव्यासारखा. तारा ताणायचे ट्यूनर गंजून गच्च. खालच्या टोकाला तारा पेलणाऱ्या ब्रिजचे स्क्रू म्हणजे नुसते तांबूस ठिपके. एक तार अजून लावलेली होती, बोट लावलं आणि तुटली.

स्क्रॅचप्लेट, म्हणजे बॉडीवरचं पातळ झाकण, उघडायला सगळ्यात जास्त वेळ गेला कारण स्क्रूंची डोकी गंजून गुळगुळीत झाली होती, एक तर ड्रिल मारून काढावा लागला. आणि प्लेट उचलली तर खाली पंचगंगा. खोटं नाही सांगत, आतला सगळा खड्डा गाळानं भरलेला, वाळून दगड झालेला, वर भेगा. प्लेटबरोबर पिकअप वर आले आणि गाळात त्यांचा साचा तसाच उरला, चुंबकांचे सहा गोल, वायरीचा वळसा, सोल्डरचा गोळासुद्धा. माझा एक मित्र फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करतो, त्याला फोटो पाठवला तर त्याचा रिप्लाय, "मोल्ड चांगला आलाय, ओतायचं का?"

मल्टिमीटर लावला. मानेकडचा पिकअप ५.८ किलोओहम दाखवतोय, म्हणजे जिवंत. ब्रिजकडचा मेला, मीटर हलतच नाही. पिकअपमध्ये असतं काय, चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाला पाण्याचं काही होत नाही. तार मात्र कुठं एका ठिकाणी जरी कुजली तरी सगळी कॉइल गेली. अमेरिकन हिशेबात ४२ गेजची तार लागते, आपल्याकडच्या हिशेबात साधारण ४६, जाडी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाले पैशाला पासरी आहेत, पण एकाला ही तार दाखवली तर तो चष्मा वर करून म्हणाला, "ही शिंकलं तरी तुटंल की."

आतलं वायरिंग मामांच्या हातचं. रेडिओतले पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची बटणं, रेडिओतला कपॅसिटर, आणि सोल्डर असं की वाटाण्याएवढे गोळे. टीव्ही रिपेअरिंगचा कोर्स अर्धवट सोडला होता त्यांनी, तो हा.

तर आता प्रश्न. करायचं काय हिचं?

गिटारवाल्यांच्या जगात याचा एक ठरलेला हिशेब आहे. जुनी, नावाची गिटार असेल तर तिला शक्यतो हात लावू नये, मूळ रंग, मूळ पार्ट, मूळ स्क्रूसुद्धा जपावेत, नुसता रंग काढून नवा मारला तरी किंमत निम्म्यावर येते म्हणतात. रॉक गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टनची गोष्ट या लोकांत फार सांगितली जाते. त्याची गिब्सन कंपनीची १९५४ ची काळी लेस पॉल गिटार, १९७६ च्या त्याच्या गाजलेल्या लाइव्ह अल्बमच्या कव्हरवर आहे ती. १९८० मध्ये व्हेनेझुएलात मालवाहू विमान कोसळलं आणि त्यात ती जळून गेली असंच सगळ्यांनी धरलं. ती निघाली कुरासाव बेटावर, कुणीतरी वाजवत होतं, आणि २०११ च्या शेवटी त्याला परत मिळाली. त्यानं गिब्सनकडून ती वाजण्यापुरती करून घेतली आणि जळल्याच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या. वाचून अंगावर काटा येतो, पण आपल्या कामाची नाही ती गोष्ट. त्या गिटारनं जगभर नाव काढलेलं, तिच्या डागालाही किंमत. आमच्या गिटारचे डाग बघायला कोण येणार, मामी? मामीला त्याच पुराचे डाग अजून भिंतीवर दिसतात आणि ती त्यावर रंग मारून घेतेय.

आणि नावाची नसेल तर दुसरा हिशेब, तो सरळ आहे. शिकायला पुरेशी नवी गिटार दहा-बारा हजारांत घरपोच येते. हिची मान, फ्रेट, ट्यूनर, ब्रिज, पिकअप, रंग, सगळं करायचं तर त्याच्या पुढं जाणार आणि एवढं करून हातात येणार ती एक साधारण गिटार. पैशाच्या हिशेबानं मामा बरोबर आहेत, यात वादच नाही.

तिसरा एक प्रकार आहे, भिंतीवर टांगणे. वर एक पिवळा लाइट सोडायचा. हल्ली कॅफेंतून सायकली, टाइपरायटर, कंदील टांगलेले असतात तसं. याला माझा ठाम विरोध आहे, का ते विचारू नका, वाजणारी वस्तू शोभेला टांगलेली बघितली की मला भूक लागत नाही.

म्हणून आधी मिरजेला गेलो. पन्नासेक किलोमीटरवर तंतुवाद्यांचं एवढं मोठं गाव असताना विचारायचं दुसऱ्या कुणाला? मिरजेचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारांचे दिवस संपल्यावर त्यांच्यातले काहीजण सतारी-तंबोऱ्यांकडं वळले, आणि आता २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूला भोपळे टांगलेले, भुसा, आणि कुठूनतरी जवारी लावताना एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. ज्यांच्याकडं गेलो त्यांनी गिटार मांडीवर घेतली, सुटलेल्या फ्रेटबोर्डखाली नख घातलं, म्हणाले सरस लावून बसेल हे, त्यात काही नाही. मग फ्रेटवरून अंगठा फिरवत खालपर्यंत गेले आणि परत वर आले आणि तिथंच थांबले. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणं, कानाप्रमाणं वरखाली सरकवता येतात. "हे तर ठोकून बसवलेत," ते म्हणाले. "चुकीच्या जागी ठोकले असले तर मग काय करणार तुम्ही?" काम घेतलं नाही त्यांनी. लग्नसराईसारखी त्यांचीही सीझन असते, ऑर्डरी पडलेल्या होत्या. चहा मात्र पाजला.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. रविवारी पॅटर्नवाल्या मित्राकडं उद्यमनगरात गेलो, आधी फडतरेंची मिसळ, कारण ती झाल्याशिवाय तो बोलत नाही, मग वर्कशॉप. मान सोडवून सरफेस प्लेटवर पालथी ठेवली. सरफेस प्लेट म्हणजे एकदम सपाट केलेला लोखंडी ठोकळा, जॉबची सपाटी तपासायला असतो. तीन कोपरे टेकले, चौथा अधांतरी. त्याखाली त्यानं फट मोजायच्या फिलर गेजच्या पात्या एकावर एक घालत नेल्या, दीड मिलिमीटरच्या आसपास जाऊन अडकल्या. "पिळलीय," तो म्हणाला. नुसती वाकलेली मान उष्णता देऊन, क्लॅम्प लावून थोडीफार ओढता येते, पिळलेली फार अवघड, आणि आत रॉड नसेल तर सोडूनच द्या.

तोवर मला मिरजेचं आठवलं, म्हटलं जरा फ्रेटची पण मापं घे. याचं गणित साधं आहे, तारेची जेवढी लांबी असेल तिला १७.८१७ नं भागायचं, तिथं पहिला फ्रेट, उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्यानं भागायचं, तिथं दुसरा, असं करत बाराव्याला बरोबर निम्म्यावर यायला पाहिजे. ६४८ मिलिमीटरची तार धरली तर पहिला ३६.४ वर, बारावा ३२४ वर. मित्रानं मोबाइलवर एक्सेल काढली आणि व्हर्नियर घेऊन एकेक मोजत सुटला, मला वाटतं त्याला मिसळीपेक्षा यात जास्त मजा आली. पहिले तीन-चार ठीक. मग एक दीड मिलिमीटर पुढं, एक मागं, बारावा जवळजवळ दोन मिलिमीटर चुकलेला आणि वर थोडा तिरका. ब्रिज मागंपुढं करून सगळे फ्रेट एकदम पुढं-मागं सरकवल्यासारखं करता येतं, पण जिथं प्रत्येकजण आपापल्या दिशेला गेलाय तिथं ब्रिज काय करणार. पुराचा याच्याशी काही संबंध नाही. जन्मापासूनच अशी.

मी मामांना फोन लावला. स्पीकरवर.

"मामा, हिचे फ्रेटच चुकीचे आहेत ओ."

"मग? मी काय सांगायलोय इतकी वर्षं? ती कधी सुरातच नव्हती. वरच्या पट्टीत गेलं की मी बोटानं तार ओढून ओढून सूर जाग्यावर आणायचो, बोटं फाटायची. आमचा ॲकॉर्डियनवाला मला स्टेजवर शिव्या घालायचा."

म्हणजे मी लहानपणी स्टेजच्या कडेला बसून तो जो डावा हात बघायचो, ती तारेवर थरथरणारी, तिरकी ओढली जाणारी बोटं, जी मला जादू वाटायची, ती निम्मी गिटारची चूक सावरण्यात चालली होती. मित्र हसायला लागला. मला हसू आलं नाही लगेच.

मग मात्र रिस्टोअर हा विषय माझ्यापुरता संपला. जशी होती तशी करायची म्हणजे काय करायचं, सगळा खर्च करून, नवी मान, नवे फ्रेट परत त्याच चुकीच्या जागी ठोकायचे? आणि बरोबर जागी ठोकले तर मग ती मामांची गिटार कसली, नुसती लाल-काळी बॉडी उरली.

याच दरम्यान एकदा मामांशी नाट्यगृहाचा विषय निघाला. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास बांधून घेतलेलं, शेजारी खासबाग मैदान, त्या रात्री आख्खं कोल्हापूर तिथं रस्त्यावर उभं होतं. मामा पण सकाळी गेले होते म्हणे, एकटेच, मामीला न सांगता. मला हे माहीतच नव्हतं. त्यांच्या ऑर्केस्ट्राचा तिथं एक प्रोग्रॅम झाला होता, तिकीट लावून, बाकीचे सगळे मांडवातले आणि हा एकच तिकिटाचा. ते आहे तसं परत बांधायचं ठरलं तेव्हा मामा रोज पेपरात त्याची बातमी शोधायचे, लाकडी छत करणार का पत्रा मारणार यावर कुणाशीही भांडायचे. मी म्हटलं, मामा, नाट्यगृह जसंच्या तसं पाहिजे आणि गिटार भंगारात? तर म्हणाले, "आरं, तिथं आवाज चांगला होता. शेवटच्या रांगेला कुजबुजलेलं ऐकू यायचं. चांगलं होतं म्हणून परत पाहिजे. ही काय चांगली होती?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. जुनं म्हणून जपायचं असं मी धरून चाललो होतो, मामांची चाळण वेगळी आहे.

आणि पुढं सहज, चिडवायला म्हणून ते म्हणाले, "तसल्या मानेवर बोटानं न्हाई, सळईनंच वाजवाय पाहिजे."

सळईनं! हवाइयन!

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हवाइयन गिटार मांडीवर आडवी घेतात, तारा फ्रेटपासून चांगल्या वर उचललेल्या, डाव्या हातात लोखंडी बार, तो तारेवर ठेवायचा आणि सरकवायचा, फ्रेटला तार टेकवायचीच नाही. फ्रेट म्हणजे नुसत्या खुणा, सूर कानानं. एकेकाळी आपल्याकडं याचं वेड होतं, कलकत्त्यात तर घराघरात, व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी निघायच्या, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर शास्त्रीय वाजवलं. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की जे काहीतरी गोड-गोड घसरत वाजायचं ना, ते बऱ्याच वेळा हेच. आणखी एक गंमत म्हणजे बाजारात चाललेली जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटारच हवाइयन होती, रिकनबॅकरची, १९३२ ची, गोल बॉडी आणि लांब दांडा म्हणून तिला फ्राइंग पॅन म्हणायचे. सगळी ॲल्युमिनियमची ओतीव. मित्र म्हणाला मग एवढं नाटक कशाला, शिरोलीच्या फाउंड्रीत ओतून घेऊ की.

पण विचार करा, मान पिळलेली असली तरी चालतंय. फ्रेट चुकीचे असले तरी चालतंय. ट्यूनिंग खाली ओपन डीला, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी डी कॉर्ड वाजेल असं, लावलं की नेहमीपेक्षा ताण पण कमी, नाहीतर सहा तारा मिळून मानेवर पंचेचाळीसेक किलोचा ओढा असतो, या सांध्यांना तो झेपला नसता. एक पिकअप जिवंत आहे, एक पुरे. हिला आधीसारखी करायला गेलं तर सगळंच बदलावं लागणार होतं आणि ही अशी वाजवायची म्हटलं तर जवळजवळ काहीच बदलावं लागत नाही. रंगाला तर मी हातच लावला नाही, आळस म्हणा.

कामं मग भराभर झाली. बॉडीचा सांधा साफ करून फेव्हिकॉल आणि क्लॅम्प, फ्रेटबोर्डला सरस, गाळ ब्रशनं काढला. नटावर बसवायला पितळेची पट्टी, तारा वर उचलायला. ट्यूनर नवे घेतले, ते गंजलेले काही केल्या सुटेनात. वायरिंग सगळं काढून एक पॉट, एक जॅक, बस्स. आणि बार मित्रानं लेथवर काढून दिला, पाऊण इंची स्टेनलेसचा राउंड, तीन इंच लांब, टोक गोल करून आरशासारखा पॉलिश. हातात घेतला की पावणेदोनशे ग्रॅमचा थंडगार वजनदार ऐवज. मित्र म्हणाला, गिटार राहू दे, हा बार बघून मला शिकावंसं वाटाय लागलंय.

मामांची डावी बोटं आता आखडलीत. मूठ पुरती वळत नाही, पेला धरताना अंगठ्याचा आधार घेतात. पण बार धरायला मूठ वळावी लागतच नाही, तो बोटांच्या खाली नुसता पडून राहतो. हे मी त्यांना सांगितलं नाही, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बार हातात दिला. पोराच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरला कशीबशी जोडली होती.

"हे काय, माझं ऐकून खरंच केलास का काय?"

पहिला आवाज म्हणजे पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. दुसरा पण. मामी स्वयंपाकघरातून "काय पडलं?" म्हणून बघून गेली. मग त्यांनी बार थोडा सैल धरला, बाराव्या फ्रेटच्या वर आणला, तिथं खूण बघून थांबले, उजव्या अंगठ्यानं तार छेडली आणि बेसूर लागल्यावर फ्रेटकडं न बघता बार दोन मिलिमीटर मागं घेतला.

तिथं लागला.

"बघ, इथं आहे ती पट्टी," मामा म्हणाले, "आणि त्या गाढवानं ठोकलीय कुठं."

मग त्यांनी मला ट्यूनिंगवरून झापलं, पाचवी तार ढिली आहे म्हणाले, मी मोबाइलच्या ट्यूनरवर लावली होती ती बरोबरच होती पण त्यांनी कानानं परत लावली आणि ती खरंच जास्त बरी वाटायला लागली. अर्धा तास नुसतं एकच वळण, वर जायचं, खाली यायचं. गाणं कुठलं ते ओळखू येण्याइतकं अजून काही वाजत नाही, आणि त्यांचा तसा आग्रहही दिसत नाही.

सध्याचा प्रश्न वेगळाच आहे. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो ही त्यांची तक्रार. त्यांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प होता तो त्यांनीच कॅसिओच्या काळात विकला, कुणाला ते आता आठवत नाही. मी म्हटलं नवा छोटा घेऊ, दोन-तीन हजारांत येतो. तर म्हणाले, "नवा नको. जुना बघ कुठं मिळतोय का, त्याचा आवाज चांगला होता."

तर कोल्हापूर-इचलकरंजीकडं कुणाच्या माळ्यावर जुन्या ऑर्केस्ट्राचा व्हॉल्व्ह ॲम्प पडून असेल, बंद असला तरी चालेल, सांगा.